क्लचचा हात

पडले तेव्हा सेकंडमध्ये होते,
हे मी सगळ्यांना सांगते. वेग नव्हताच.
मखमलाबाद रोड, पाटाजवळचं वळण, सकाळचे पावणेसात,
कुठल्यातरी ट्रॅक्टरनं बागेतली ओली माती आणून सांडलेली,
डांबराच्याच रंगाची होऊन बसलेली.
आधी पुढचं चाक गेलं.
मग मी.

मागे बांधलेल्या पेटीत अकरा नळ्या होत्या,
अकरा घरांचं उपाशीपोटीचं रक्त.
एकही फुटली नाही.
फुटलं माझं डावं मनगट, तेही केसाएवढं.
एक्स-रेवाला म्हणाला, ताई, ही तर धड रेघसुद्धा नाही.

रेघ पाच आठवड्यांत बुजली.
रबरी चेंडू दाबून दाबून त्याचा रंग उडाला.
घरी कुणीच म्हणालं नाही, गाडी विकून टाक.
हेमराजनं नुसता बसचा पास काढला
आणि फ्रीजवर, दिसेल असा ठेवला.
ते जास्त झोंबलं.

शरणपूरच्या इसाक मिस्त्रीनं हँडल सरळ केलं,
इंडिकेटर बसवला, टाकीवरचा पोचा काढला.
क्लचची लिव्हर टोकाला वाकडी राहिली होती.
बदलू? म्हणाला.
नको म्हटलं. का, ते नाही सांगता आलं.

पहिल्या दिवशी गेटपर्यंत.
दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत, आणि पाऊस येईल असं वाटलं.
आभाळ कोरडं ठाक होतं.
चपलेखाली वाळू करकरली तरी
पोटात ब्रेक लागायचा.
दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून, एका हातानं,
शिट्टी वाजवत निघून जायचा.
त्याचा मला फार राग आला त्या आठवड्यात.

मग सुट्टीच्या दिवशी सातपूर एमआयडीसी.
बंद शेड, रिकामे रस्ते, एक कुत्रं.
चव्वेचाळीस वर्षांची बाई इंग्रजी आठ काढते आहे,
पहिला आठ पोटफुग्या, दुसरा अर्धाच,
कुत्रं आधी भुंकलं, मग कंटाळून झोपलं.
तिथं कधीतरी कळलं,
क्लच जिथे धरतो ती जागा दिसत नसते.
हळूहळू सोडत जायचं,
आणि बोटांनाच कळतं, आता.
हे मला येतं की!
शीर अशीच तर शोधते मी,
डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून, डोळे दुसरीकडे ठेवून.
वीस वर्षं याच हातानं.

तरी पाटाजवळ पहिल्यांदा गेले तेव्हा उतरले.
चक्क उतरले, आणि गाडी ढकलत नेली वळणावरून.
मागून द्राक्षाच्या क्रेटचा टेम्पो; त्यानं हॉर्न दिला नाही,
ताई, पेट्रोल संपलं का? एवढंच.
हो म्हटलं.

दुसऱ्यांदा ढकलली नाही.
दुसऱ्यांदा काय झालं, ते नीट आठवत नाही;
वळण संपल्यावर एवढंच लक्षात आलं
की जीभ दातांत धरलेली आहे
आणि पुढे रस्ता सरळ आहे.

पिंगळे आजोबा ओट्यावर बाही वर करूनच बसले होते.
तो पोरगा, म्हणाले, तीनदा टोचायचा आणि तीनदा सॉरी म्हणायचा.
तुझा हात बरा?
बघा तुम्हीच, म्हटलं,
आणि अंगठा ठेवला.
त्यांची शीर दिसत नाही, सापडते.
सापडली.
त्यांनी नळी भरताना नेहमीसारखं तोंड फिरवलं
आणि मी नेहमीसारखं नाही फिरवलं;
बघत राहिले, लाल चढत जाताना.

निघताना पेटीत नऊ नळ्या.
किक मारली, आणि तेव्हा लक्षात आलं,
परतीला तेच वळण उलटं येणार.
उजवीकडचं.
उजवीकडची तयारी मी केलीच नव्हती.
लिव्हरचं वाकडं टोक करंगळीला लागलं,
गार.
फर्स्ट टाकला.